गिरगाव ते लालबाग, व्हाया माझं बारसं

कोल्हापूरहून निघाले तेव्हा नवऱ्याने विचारलं, "मुंबईत बघणार काय आहेस नक्की?" मी म्हटलं, "माझं बारसं." त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि बॅगेत औषधं घेतलीस का, एवढंच विचारलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस असा समजूतदार होतो.

सगळा दोष नववी 'ब'चा. मी शाळेत इतिहास शिकवते. मुलांना मी वर्षानुवर्षं सांगत आलेय की कुठलीही गोष्ट ऐकली की तीन प्रश्न विचारायचे: कोण सांगतंय, केव्हा सांगतंय आणि तसंच सांगण्यात त्याचा काय फायदा. यंदा अंगात आलं आणि गृहपाठ दिला की स्वतःच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा प्रसंग घ्या आणि एखाद्या लढाईची करावी तशी त्याची चौकशी करा. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, तुमचा प्रसंग कोणता?" तेवढं बोलून ती बसलीसुद्धा, आणि मी उभीच.

खरं तर माझा प्रसंग ठरलेलाच होता. माझं बारसं परळच्या चाळीत झालं आणि त्याच दिवशी माझ्या दोन आत्यांचं एकमेकींशी बोलणं बंद झालं. नाव ठेवायचा मान आत्याचा. मला आत्या दोन. थोरली माई आत्या म्हणते, मी बाळाच्या कानात 'सुलभा' सांगितलं. धाकटी बेबी आत्या म्हणते, छे, ती पाळण्याजवळ आलीच नाही, मी कानात 'वैजयंती' सांगितलं. त्यावर माई आत्याने सगळ्या चाळीदेखत तिला 'खोटारडी' म्हटलं. बेबी आत्याने तिथल्या तिथे शपथ घेतली की हा शब्द मागे घेतल्याशिवाय मी हिच्या घराची पायरी चढणार नाही. तेव्हापासून माई आत्या गिरगावात, बेबी आत्या लालबागला, आणि मध्ये बसच्या एका तिकिटाचं अंतर असून दोघी एकमेकींच्या घरी गेलेल्या नाहीत.

शाळेच्या दाखल्यावर मी सुलभा. लालबागला मात्र मी वैजूच.

आता माई आत्या रविवारी कायमची बंगळुरूला मुलाकडे निघाली होती. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले. पुन्हा मुंबईत येईल असं तिलाही वाटत नव्हतं. दोघी न भेटता ती गेली असती तर ते भांडण तसंच राहिलं असतं, आणि त्याचं कारण म्हणून माझं नाव कायम घेतलं गेलं असतं. म्हणून मी चौकशीला निघाले.

पहाटे दादरला उतरले आणि उतरताक्षणी बॅगेचं चाक निघालं. ते गडगडत फुलांच्या टोपल्यांमधून गेलं आणि एका शेवंतीवाल्या बाईच्या पायाशी थांबलं. "ओ ताई, तुमचं चाक," ती म्हणाली, "हार घेताय काय?" मी हार घेतला. चाक मात्र बसलं नाही. एका बाजूला कललेली बॅग ओढत, हातात शेवंतीचा हार घेऊन मी गिरगावची बस पकडली. कंडक्टरने हाराकडे बघून विचारलं, "कोणाचा सत्कार?" मी म्हटलं, "ते अजून ठरायचंय."

गिरगावात सकाळ उशिरा उजाडते, निदान माई आत्याच्या गल्लीत तरी. दुधाच्या पिशव्या दारांना लटकत होत्या आणि एक आजोबा गॅलरीत उभे राहून खालच्या हातगाडीला, टॅक्सीला, सगळ्या जगालाच सूचना देत होते. माई आत्या दुसऱ्या मजल्यावर. दार उघडंच.

"सुलभा, चप्पल बाहेर काढ. आणि हा हार कशाला? मी अजून आहे."

घरभर खोकी होती. त्यातूनच तिने माझ्यासाठी थालीपीठ लावलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि मी खात असताना समोर बसून मी खातेय ते तपासलं. मी वही न काढता चौकशी सुरू केली, कारण वही बघून माणसं शुद्ध बोलायला लागतात.

"आत्या, बारशाच्या दिवशी नेमकं काय झालं?"

"काय व्हायचंय? मी नाव सांगितलं. पहिल्यांदा मी सांगितलं. बेबी नंतर आली."

"बाळ रडत होतं का?"

"अजिबात नाही. इतकं शांत बाळ मी बघितलं नाही."

मी मनात टिपून ठेवलं. आई मला नेहमी सांगायची की तू सहा महिने घसा फाडून रडत होतीस. साक्षीदार क्रमांक एकचं बाळ शांत होतं.

"आणि बेबी आत्या खोटं बोलली?"

इथे माई आत्या उठली. एका खोक्याला उगाच दोरी बांधली आणि सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बेबीकडे तो वरवंटा अजून आहे का गं? तुमच्या परळच्या घरातला?"

मी म्हटलं, असेल. मला वाटलं, आता वाटणीचंही भांडण निघतंय. इतिहासाच्या शिक्षिकेने हा प्रश्न असा सोडून देणं शोभत नाही, पण तेव्हा तोंडात थालीपीठ होतं.

दुसऱ्या दिवशी लालबागला जायचं म्हणून मोठ्या ऐटीत बसमध्ये चढले आणि डोळा लागला तो भायखळ्याला उघडला. समोर भाजीबाजार. उठायच्या गडबडीत लालबाग आलं असं समजून उतरले, मग चूक लपवायला एक नारळ विकत घेतला आणि उरलेलं अंतर चालत गेले. लालबाग जवळ आल्याचं मला पाटी वाचून कळलं नाही, नाकाला कळलं. मसाला कुटून देणाऱ्या दुकानांच्या गल्लीत मिरच्यांचे ढीग आणि हवेत तिखटाची बारीक धूळ. मी लागोपाठ शिंकत बेबी आत्याचा जिना चढले.

"आली का वैजू? शिंका ऐकूनच ओळखलं. तुमच्या कोल्हापूरला मिरची नाय काय?"

बेबी आत्या बहात्तर वर्षांची आहे आणि अजूनही घरगुती मसाल्याच्या ऑर्डर घेते. तिच्या तोंडात मराठी, हिंदी आणि इंग्लिश एका डब्यात नांदतात. ती पाट्यावर खोबरं वाटत होती. मिक्सर फडताळावर होता, त्यावर प्लास्टिकची पिशवी घातलेली. मी नेलेला नारळ तिने हलवून बघितला आणि म्हणाली, "फसवलं तुला. पाणी नाय यात." नंतर बांगड्याचं तिखलं (कोकणी पद्धतीचं दाट, झणझणीत कालवण) आणि भात वाढला. मी जेवताना रडले ते तिखटाने.

"आत्या, बारशाचं सांग ना."

"अरे यार, परत तेच? किती वेळा सांगू. तू पाळण्यात ठणाणा करत होतीस. माई कुठेतरी बायकांच्या घोळक्यात. मी बघितलं, हिला काय टाइम नाय, तर मी वाकले आणि सांगितलं, वैजयंती. तू माझा कान ओढलास. डूल निघालं माझं."

"आणि माई आत्या?"

"ती बोलली, मी आधी सांगितलं. कसं शक्य आहे? तू पाळण्यात आल्यापासून मी बाजूलाच उभी होती. मला खोटारडी बोलली ती. अख्ख्या चाळीसमोर. वीस वर्षांची होती मी, माहितीये? माझं लग्न ठरायचं होतं." तिने वरवंटा जरा जोरात फिरवला. "रविवारी जाते ना ती? जाऊ दे. हॅपी जर्नी."

पण हे म्हणताना तिने वाटून झालेलं खोबरं पुन्हा वाटायला घेतलं. मला फार वाईट वाटलं.

आता माझ्याकडे दोन साधनं होती आणि दोन्ही ठाम. एकीचं बाळ शांत, दुसरीचं ठणाणा करणारं. वर्गात अशा वेळी मी मुलांना म्हणते की दोघांपैकी एक खोटं बोलतोय, शोधा. म्हणून मी तिसरं साधन शोधायला परळला गेले.

परळला आमची चाळ अजून उभी आहे. समोर जिथे गिरणी होती तिथे आता काचेची उंच इमारत आहे, आणि तिच्या काचेत चाळीची सगळी गॅलरी उलटी दिसते. समोरच्या खोलीतल्या काशीकाकू तिथेच राहतात. ऐंशीच्या पुढे गेल्यात. गॅलरीत खुर्ची टाकून त्या काचेकडे बघत बसतात, म्हणजे जिन्यावरून कोण आलं ते मान न वळवता कळतं. माझ्याकडे पाठ होती तरी म्हणाल्या, "सुमनचा चेडू मां गो तू?" (सुमनची मुलगी ना तू?) सुमन म्हणजे माझी आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

काकूंनी घावणे (तांदळाची जाळीदार धिरडी) आणि चहा दिला. मी बारशाचा विषय काढला आणि दोन्ही आत्यांची साक्ष सांगितली. काकू ऐकत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हाताऱ्या बाईला ठसका लागला की काय. त्या हसत होत्या.

"दोघी पण खरा सांगतत," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "खोटा कोणच सांगूक नाय."

आता वाचकांना बारशाची रीत आठवत असेलच. बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या वरून आणि खालून फिरवतात. मग खरं बाळ. त्या दिवशी पाळण्याच्या एका बाजूला माई आत्या होती आणि दुसऱ्या बाजूला काशीकाकू.

"माईन नवो चष्मो पर्समध्ये ठेवल्यान होतो," काकू म्हणाल्या. "फोटोत चांगला दिसूक नको? खोलीत ही गर्दी. मी तिच्या हातात गुंडाळलेलो वरवंटो दिलंय. तिका वाटला, चेडूच. तिने त्याका छातीशी धरल्यान, वाकली, आणि त्याच्या कानात नाव सांगल्यान." काकू पुन्हा हसायला लागल्या. "वरवंट्याक कान खंय गो?"

मी चहा सांडला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलाक गेलंय. तुझ्या आवशीन (आईने) माझो हात धरल्यान." काकूंचं हसू थांबलं. "म्हणाली, काकी, गप रवा. माई वन्सं सासरच्या माणसांका घेऊन इल्ली हत, चाळ हसात त्यांका. तवसर (तोवर) बेबीन तुझ्या कानात सांगलेला. मगे भांडाण झाला. तेव्हा तर बोलूची सोयच रवली नाय."

आईला माहीत होतं. वन्संची लाज राखायला तिने दाखल्यावर 'सुलभा' लिहिलं. आणि घरी? घरी तिने मला जन्मभर 'बाय' म्हणूनच हाक मारली. मी समजत होते, लाडाने. लाड होताच, पण त्या 'बाय'मध्ये दोन नणंदांपैकी एकीलाही न दुखवायची केवढी कसरत होती. गॅलरीत बसून मला आईची इतकी आठवण आली की काचेतली उलटी चाळ नीट दिसेना.

"कोणाक सांगू नको हां," काकू म्हणाल्या.

मी हो म्हटलं. पण दगडाने काही बोलू नये असं त्यांनी सांगितलं नव्हतं.

शनिवारी पुन्हा लालबाग. बेबी आत्याला म्हटलं, "एक दिवसासाठी वरवंटा दे. पुरावा म्हणून हवाय."

"वेडी झाली काय? माझा वरवंटा मी कुणाला देत नाय. माझा हात बसलाय त्यावर. तो जिथे जाईल तिथे मी जाणार."

"चल मग," मी म्हटलं. तिने एवढंच बोलावं म्हणून तर मी आले होते.

वरवंटा माझ्या चाक तुटलेल्या बॅगेत घातला आणि टॅक्सी केली. टॅक्सीवाल्याने बॅग उचलली आणि म्हणाला, "क्या मॅडम, पत्थर भरा है क्या?" मी म्हटलं, "हां. एक ही है."

टॅक्सी गिरगावात वळली तेव्हा बेबी आत्याच्या लक्षात आलं. "वैजू, मला फसवलंस तू. थांबव गाडी."

आता तिला सांगणं भाग होतं. काशीकाकूंना दिलेला शब्द मी त्या टॅक्सीत मोडला, आणि परत संधी मिळाली तर परत मोडीन. बेबी आत्याने सगळं ऐकून घेतलं. मग बॅगेकडे बघितलं. मग हसायला लागली ती इतकी की टॅक्सीवाल्याने आरसा नीट केला. हसता हसता कधी रडायला लागली ते कळलं नाही.

"म्हणजे ह्या सुलभावर मी इतकी वर्षं खोबरं वाटते?"

"सुलभानेच वाटतेस."

"आणि माई खोटं नव्हती बोलत."

"तूही नव्हतीस."

ती नाक पुसून सरळ बसली. "ते ठीक आहे. पण ती मला खोटारडी बोलली. शब्द मागे घेतल्याशिवाय पायरी नाय चढणार. शपथ आहे." आणि खरोखरच ती माई आत्याच्या चाळीच्या चौकात नळापाशी जाऊन उभी राहिली, पर्स पोटाशी धरून. मी बॅग घेऊन एकटी वर गेले.

माई आत्या खोक्यांच्या मध्ये बसली होती. मी एक शब्द बोलले नाही. वरवंटा काढला, तिच्याच कपाटावरच्या धुवट पंच्यात गुंडाळला आणि तिच्या मांडीवर ठेवला. बाळाचं डोकं सावरावं तसा तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"काशीने सांगितलं?"

"तुला माहीत होतं?"

"संध्याकाळी कपडे आवरताना वरवंट्याचं टोपडं हातात आलं. त्याला कुंकू लागलं होतं. माझ्या कपाळाचं." तिने कपाळावरून हात फिरवला. "तोवर बेबीला बोलून बसले होते. कसं सांगू? नाव सांगितलं पण दगडाला, असं? सासूबाई सोबत होत्या. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग तिचं लग्न झालं, मला बोलावलं नाही. मग मी रागावले. आणि मग सांगायचंच राहिलं." डोळ्यांतलं पाणी तिने पंच्याच्या टोकाने पुसलं, म्हणजे सुलभाच्याच दुपट्याने. "कुठे आहे ती?"

"खाली. पायरी चढणार नाही म्हणते."

माई आत्या उठली. मला वाटलं, जिना उतरणार, म्हणून मी हात पुढे केला. तो तिने बाजूला केला. गुडघ्यांवर हात ठेवत गॅलरीत गेली, कठडा धरला आणि खाली वाकून, सगळ्या मजल्यांवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बेबी, तू खोटं बोलली नव्हतीस. पोरीच्या कानात नाव तूच सांगितलंस. मी वरवंट्याला सांगितलं. मला चष्मा नव्हता. मी खोटारडी म्हणाले ते चुकले. आता ये वर."

दारं उघडली. सूचना देणारे आजोबासुद्धा गप्प झाले. पहिल्या मजल्यावरच्या एका बाईने विचारलं, "वरवंट्याला म्हणजे?" आणि माई आत्याने तिलाही सगळं सांगितलं, चष्म्यासकट, कुंकवासकट. मग आख्खी चाळ हसली. जे हसू टाळायला आईने जन्मभर खटपट केली ते गिरगावात खळखळून झालं, आणि माई आत्या त्यात सगळ्यांत मोठ्याने हसत होती.

बेबी आत्या जिना चढून वर आली तेव्हा तिला दम लागला होता. दोघी दारात उभ्या. मिठ्या वगैरे आमच्याकडे मारत नाहीत. बेबी आत्याने थोरलीच्या पाया पडायचा प्रयत्न केला, थोरलीने मध्येच तिला धरलं आणि तिच्या कानाकडे बघून म्हणाली, "डूल मिळालं होतं का गं मग?"

"नाय. हिने गिळलं असेल."

माई आत्या खुर्चीत बसली. वरवंटा पुन्हा मांडीवर घेतला, पंचा सारखा केला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वैजू, बघत काय उभी राहिलीस? आत्याला पाणी दे."

मी पाणी आणायला आत गेले आणि जरा वेळ आतच थांबले. शेवंतीचा हार तिथे फ्रीजवर होता, थोडा सुकलेला. तो आणून मी वरवंट्याला घातला.

निघताना बेबी आत्या म्हणाली, "घेऊन जा तिला बंगळुरूला. माझ्याकडे मिक्सर आहे." माई आत्या नको नको म्हणाली, पण वरवंट्यावरचा हात काढला नाही.

रविवारी मी परतीच्या बसमध्ये बसले. सोमवारी नववी 'ब'ला काय सांगायचं याचा विचार करत होते. दोन साधनं वेगळं बोलली की एक खोटं, असं मी इतकी वर्षं शिकवलं. आता ते फळ्यावरून पुसावं लागणार होतं. दोघी आपापल्या जागी खऱ्या असू शकतात, फक्त पाळण्यात त्या वेळी कोण होतं हे कुणीतरी विचारायला हवं असतं. आणि तीन प्रश्नांत चौथा वाढवायचा होता: कोण गप्प राहिलं, आणि कुणासाठी.

कराडच्या आसपास माई आत्याचा फोन आला. विमानतळावर तिची बॅग उघडायला लावली होती. तपासणाऱ्या पोरीने पंचा सोडून विचारलं, आजी, हे काय आहे?

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, भाची आहे. नाव सुलभा. सोडलं बाई."

तर मंडळी, सुलभा सुखरूप बंगळुरूला पोहोचली. मी वैजू, संध्याकाळी कोल्हापूरला आले.